यात्रेचं जुनं केबल रेकॉर्डिंग व्हीसीडीवर टाकलं की अक्षतांच्या वेळी नुसते चौकोन दिसतात, काय करू?

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी, जरा जुन्या जमान्यातला प्रश्न आहे, हसू नका.

आमच्याकडं २००९ ते २०१२ मधली सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची रेकॉर्डिंग आहेत, लोकल केबलवर लाइव्ह दाखवायचे ना त्याची. वडिलांनी कॉम्प्युटरमध्ये टीव्ही ट्यूनर कार्ड टाकलं होतं त्यावर घेतलेली, म्हणजे सेट टॉप बॉक्स सक्तीचे व्हायच्या आधीचं, केबलची वायर डायरेक्ट कार्डात. फाइल एमपेग-२ आहे, ७२० बाय ५७६, बिटरेट (सेकंदाला किती डेटा ते) ८ एमबीपीएस म्हणजे ८००० किलोबिट दाखवतंय, ऑडिओ एमपी-टू २२४ किलोबिट. अक्षता सोहळ्याचं (सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचं) एक रेकॉर्डिंग ३ तास १० मिनिटांचं आहे आणि त्याच्या ३ फाइल झाल्यात, ४ जीबी झाले की सॉफ्टवेअर आपोआप दुसरी फाइल चालू करायचं.

आता अक्कलकोटला आमची आत्या असते, तिला हे पाहिजे. तिचे यजमान नंदीध्वज (यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या) पेलायचे आणि या रेकॉर्डिंगमध्ये ते चार-पाच ठिकाणी अगदी जवळून दिसतात. तिच्याकडं जुना डब्बा टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर आहे, रोज सकाळी भजनाच्या व्हीसीडी लावते त्यामुळं तिला तेच जमतं. म्हणून मी एका फुकटच्या कन्व्हर्टरमधून व्हीसीडी बनवल्या, ३ सीडी लागल्या. मिरवणूक ठीकठाक दिसते, म्हणजे चेहरे ओळखू येत नाहीत पण चालतं, पण संमती कट्ट्यावर (सोहळ्याच्या जागी) अक्षता पडायला लागल्या की पूर्ण स्क्रीनभर चौकोन चौकोन, काही म्हणजे काही दिसत नाही, आणि हलणारी माणसं डबल दिसतात भुतासारखी. दुसऱ्या सीडीत आवाज पण मागं राहतो, हलगी आधी वाजवताना दिसते आणि ऐकू नंतर येते.

सेटिंगमध्ये बिटरेट वाढवायला गेलो तर व्हीसीडी निवडलं की तो आकडा बदलूच देत नाही. असं का? आणि कमी बिटरेटमध्येच पण जरा बरं दिसेल असं काही करता येतं का?

पेनड्राइव्ह_झिंदाबाद

भावा आजकाल कोण सीडी बघतं, एमपीफोर करून पेनड्राइव्हमध्ये टाक आणि दे, विषय संपला.

बाळीवेसकर

दादा तिच्या प्लेअरला यूएसबीचं भोकच नाहीये. झाकणावर डीव्हीडी आणि व्हीसीडीची दोनच चिन्हं आहेत, डिव्हएक्सचं पण नाही. आणि नवीन टीव्ही घेऊन दे म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, घेऊन दिलेला, तो तिनं नातवाला दिला.

मिक्सिंगवाले_अण्णा

मालक, व्हीसीडी कशाला करालाव? कन्ना चौकात आमचं लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग होतं, पोत्यानं व्हीसीडी काढल्यात, म्हणून सांगतो, गर्दीचा कार्यक्रम व्हीसीडीवर कधीच नीट बसत नाही, तुमच्या सॉफ्टवेअरचा त्यात दोष थोडाच हाय (भुतांचा सोडून, ते खाली सांगतो).

बिटरेट बदलू देत नाही कारण व्हीसीडी म्हणजे ठरलेलं माप हाय, १९९३ सालचं. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ३५२ बाय २८८, एमपेग-१, व्हिडिओ ११५० किलोबिट आणि आवाज २२४, ना कमी ना जास्त. हे असं का, तर त्या काळातली साधी एकपट स्पीडची सीडी ड्राइव्ह सेकंदाला जेवढं वाचू शकते तेवढ्यातच सगळं बसवलेलं हाय, गाण्याची सीडी जेवढ्या वेगानं फिरते ना तेवढ्यावरच पिक्चर पण चालला पाहिजे असं गणित होतं. म्हणून ८० मिनिटाच्या सीडीत गाणी पण ८० मिनिटं आणि व्हीसीडी पण ८० मिनिटंच. (७०० एमबीच्या सीडीत ८०० एमबीची फाइल कशी मावती म्हणून पोरं आम्हाला विचारायची, तर डेटा सीडीत चूक दुरुस्त करायला म्हणून जी जागा राखून ठेवतात ती व्हीसीडीत पिक्चरला वापरतात. त्यामुळंच ओरखडा पडला की व्हीसीडी लगेच अडकती.)

आता चौकोनाचं. एमपेगवाला पूर्ण फोटो दर वेळी साठवत नाही, मागच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठं सरकला तेवढंच लिहून ठेवतो, १६ बाय १६ चे तुकडे असतात. बातम्या वाचणारी बाई असली तर तिचं फक्त तोंड हलतंय, ११५० मध्ये मस्त दिसती. आता अक्षतांच्या वेळी काय होतंय बघा, हजारो माणसं, निम्मी बाराबंदीत म्हणजे पांढऱ्यावर पांढरं, आणि सगळ्यांचे हात एकदम वर आणि हवेत तांदूळ. त्यातला एक दाणा पण मागच्या फ्रेममध्ये होता तिथं नसतो, सरकून कुठं गेला ते पण सापडत नाही, म्हणजे प्रत्येक फ्रेम जवळजवळ नवीनच फोटो. त्याला बिट पाहिजेत दसपट आणि तुम्ही देणार ११५०, मग तो काय करणार, बारीक तपशील टाकून देतो आणि एकेका तुकड्याला सपाट रंग फासतो, तेच तुमचे चौकोन. एक पिशवी घेऊन मंगळवार बाजाराला गेल्यासारखं हाय, पिशवी भरली की भरली.

त्यात तुमचं रेकॉर्डिंग ॲनालॉग केबलचं, म्हणजे मुंग्या असणारच. मुंग्या पण हलतात, आणि एन्कोडरला (व्हिडिओ दाबून बसवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मुंगी कुठली आणि अक्षता कुठली काय कळतंय, दोघींना सारखंच बिट वाटतो. म्हणून कन्व्हर्ट करायच्या आधी हलका डीनॉइज (मुंग्या पुसणारा) फिल्टर मारायचा. हलका म्हणजे हलकाच, जास्त मारला तर चेहरे मेणाचे होतात आणि अक्षता पुसूनच जातात, एकदा एका पार्टीच्या लग्नात तसं होऊन अक्षताच गायब, नवरानवरी नुसतीच उभी.

भुतांचं कारण वेगळं हाय. टीव्हीच्या एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, एकाआड एक ओळी, दोन्ही वेगळ्या क्षणाच्या, सेकंदाच्या ५० व्या भागाचा फरक. तुमच्या कन्व्हर्टरनं ५७६ ओळीच्या २८८ करताना दोन्ही फील्ड एकमेकात कालवलेत, म्हणून माणूस दोन जागी दिसतो. व्हीसीडी करायचीच असली तर एक फील्ड सरळ फेकून द्यायचं, २८८ ओळी आपोआप उरतात, भूत जातं.

पण मी म्हणतो व्हीसीडी करूच नका. डीव्हीडी प्लेअर हाय ना त्यांच्याकडं? मग हाफ डी-वन करा. ३५२ बाय ५७६, एमपेग-२. डीव्हीडीच्या नियमात बसतंय, लोकांना माहीत नसतं बस. रुंदी निम्मी पण ओळी सगळ्या, दोन्ही फील्ड जागेवर, त्यामुळं हालचाल टीव्हीवर दिसायची तशीच सुळसुळीत. केबलच्या वायरीतून आलेल्या चित्रात तसा पण आडवा तपशील ७२० च्या लायकीचा नसतोय, त्यामुळं डब्बा टीव्हीवर फरक कळत नाही कुणाला.

हिशोब करा. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलंय, कॉम्प्युटर ४.३७ दाखवतो, थोडी जागा सोडून साधारण ३ कोटी ६० लाख किलोबिट धरा. त्याला सेकंदांनी भागा. तुमचे ३ तास १० मिनिटं म्हणजे ११,४०० सेकंद, भागाकार आला ३१५० च्या आसपास, त्यातून आवाजाचे २२४ वजा, राहिले २९०० किलोबिट. एका डिस्कवर पूर्ण सोहळा, आणि व्हीसीडीच्या अडीचपट बिट. बिट ठरलेले असले की चित्र लहान घ्यायचं, हे कायम डोक्यात ठेवा. तेच २९०० जर पूर्ण ७२० बाय ५७६ वर पसरले तर परत चौकोन येणार.

जुळे_सोलापूर_०२१७

अण्णा लय भारी सांगितलंत. पण मग एसव्हीसीडी का नको? ४८० बाय ५७६ असतं ना त्यात, एमपेग-२ पण आहे, आणि सीडीवरच होतं. माझ्याकडं कोऱ्या सीडींचा अख्खा डबा पडलाय म्हणून विचारतोय, कुठं जाणार त्या.

मिक्सिंगवाले_अण्णा

एसव्हीसीडी चीनवाल्यांनी काढलेली, चांगली होती, पण व्हिडिओ अन् आवाज मिळून २६००-२७०० च्या वर जाता येत नाही आणि तेवढ्यावर ठेवलं तर ३५-४० मिनिटात सीडी भरती. ३ तासाला ५ सीडी. आत्याबाई मिरवणूक बघत बसल्यात आणि दर अर्ध्या तासाला उठून सीडी बदलायची व्हय? शिवाय प्लेअरवर एसव्हीसीडी लिहिलेलं नसलं तर चालंल का नाही नशीब. आणि अजून एक, ४८० रुंदी डीव्हीडीच्या यादीत नाही, ७२०, ७०४, ३५२ एवढंच चालतं, म्हणजे उद्या त्याच फाइलची डीव्हीडी करायची म्हणलं तर परत पहिल्यापासून कन्व्हर्ट. कोऱ्या सीडीला दोरा बांधून शेतात लावा, पाखरं येत नाहीत.

टर्मिनल_पोरगं

अण्णांचं बरोबर आहे, मी फक्त करायचं कसं ते सांगतो. एफएफएमपेग म्हणून कमांड टाइप करून चालवायचं कन्व्हर्टर आहे, फुकट आहे. खाली नावं मराठीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी.

आधी ३ फाइल जोडायच्या. लोक विंडोजमध्ये कॉपी कमांडनं बायनरी जोडतात, फाइल बनते पण दुसऱ्या तुकड्याची घड्याळं परत शून्यापासून सुरू होतात आणि काही प्लेअर तिथं गोंधळतात. त्यापेक्षा एका टेक्स्ट फाइलमध्ये तिन्ही नावं लिहून एफएफएमपेगच्या कॉन्कॅट ऑप्शननं जोडा.

आवाज मागं पडतोय ते मला वाटतं कॅप्चर करतानाच काही फ्रेम गळाल्या असतील, कॉम्प्युटर तेव्हाचे, हार्ड डिस्क हळू, मधेच अँटीव्हायरस चालू झाला की गेलं. फाइलमध्ये वेळेचे शिक्के बरोबर असतात पण तुझ्या कन्व्हर्टरनं ते न बघता नुसतं एकामागं एक चिकटवलं असणार. प्रोजेक्ट-एक्स नावाचं एक जुनं जावातलं सॉफ्टवेअर आहे, ते याच कामाचं, टीव्ही रेकॉर्डिंगमधली अशी भगदाडं शोधून जिथं आवाज नाही तिथं शांतता भरतं आणि व्हिडिओ-ऑडिओ वेगवेगळे करून देतं. दिसायला भयाण आहे पण काम चोख. ते नको असेल तर एफएफएमपेगमध्ये एरीसॅम्पल फिल्टरला असिंक १ द्यायचं, बहुतेक वेळा तेवढ्यानं पण भागतं.

मग कन्व्हर्ट. एफएफएमपेगमध्ये टार्गेट म्हणून ऑप्शन आहे, त्याला पाल-व्हीसीडी, पाल-एसव्हीसीडी किंवा पाल-डीव्हीडी दिलं की बाकीचं सगळं तो स्वतः भरतो. पाल-डीव्हीडी दिलं की ७२० बाय ५७६ आणि ६००० किलोबिट धरतो, ते आपल्याला नकोय, म्हणून टार्गेटच्या नंतर आपला बिटरेट २९०० आणि मॅक्स रेट ६०००-७००० द्यायचा. म्हणजे जिथं अक्षता आहेत तिथं तो वर जाईल आणि जिथं नुसता निवेदक बोलतोय तिथं खाली येईल, सरासरी २९०० राहील. व्हीसीडीत हेच करता येत नाही, तिथं निवेदकाला पण ११५० आणि अक्षतांना पण ११५०. यासाठी टू पास करायचं, पहिल्या पासमध्ये तो फक्त कुठं किती हालचाल आहे ते लिहून घेतो आणि दुसऱ्यात वाटप करतो. वेळ दुप्पट लागतो पण या कामाला टू पासशिवाय मजा नाही.

साइजचं एक बारीक आहे. ७२० चं डायरेक्ट ३५२ करू नको. दोन्ही बाजूचे ८-८ पिक्सेल क्रॉप करून ७०४ कर आणि मग बरोबर निम्मं ३५२. त्या कडांना तसं पण काळी पट्टी नाहीतर कचराच असतो. आणि उंची ५७६ ला अजिबात हात लावू नको, डीइंटरलेस (दोन फील्डची एक सलग फ्रेम करणं) पण करू नको! फक्त रुंदी कमी केली तर फील्ड जशीच्या तशी राहतात, उंची बदलली की वाट लागते. एन्कोडरला मात्र सांगावं लागतं की हे इंटरलेस्ड आहे, फ्लॅग्जमध्ये आयएलएमई आणि आयएलडीसीटी दोन्ही टाकायचे, आणि फील्ड ऑर्डर टॉप फर्स्ट. असल्या कार्डांचं बहुतेक टॉप फर्स्टच असतं. उलटी झाली तर लगेच कळतं, चालणारा माणूस पुढं-मागं पुढं-मागं थरथरतो.

हँडब्रेक नावाचं कन्व्हर्टर वापर म्हणून कोणीतरी सांगेलच, ते एमपीफोर, एमकेव्ही काढतं, प्लेअरला चालणारी डीव्हीडी बनवत नाही. डिस्कसाठी डीव्हीडीस्टाइलर घे, ते पण फुकट. त्यात आपली फाइल टाकल्यावर ते परत एन्कोड करायला बघतं, तिथं व्हिडिओ कॉपी निवडायचं, नाहीतर एवढं केलेलं पाण्यात.

शेंगाचटणी

मी एक विचारू का सगळ्यांना, ३ तास १० मिनिटात जाहिराती किती आहेत? आमच्याकडं पण असंच रेकॉर्डिंग होतं, त्यात सुरुवातीचा पाऊण तास नुसताच "थोड्याच वेळात थेट प्रक्षेपण" आणि मधे मधे साडी सेंटर, मंगल कार्यालय, शाळेचे प्रवेश सुरू. ते आधी कापा की. ४० मिनिटं गेली तर ९००० सेकंद उरतात, अण्णांच्याच हिशोबानं बिटरेट ४००० वर जातो, त्यातून आवाज काढला तरी ३७०० च्या पुढं. फिल्टर मारत बसण्यापेक्षा हे सोपं, आणि फुकट.

कापताना एवढंच, एमपेगमध्ये कुठंही कापता येत नाही, पूर्ण फोटोवाली जी फ्रेम असते ना, आय फ्रेम, तिथंच कापायचं, अर्धा सेकंद इकडं तिकडं होतो. अव्हीडेमक्स या कापायच्या सॉफ्टवेअरमध्ये बाणाच्या बटणांनी थेट आय फ्रेमवरच उडी मारता येते.

आणि दुसरं म्हणजे खालची पट्टी. लोकल केबलवर सतत सरकणारी जाहिरातीची पट्टी असायची, आठवतंय? ती पण बिट खाते, कारण अक्षरांच्या कडा एकदम धारदार आणि सतत हलत्या. खालच्या ४८ ओळी काळ्या करून टाकल्या तर तिथला खर्च जवळजवळ शून्य होतो आणि तेवढे बिट वर मिळतात. ४८ च का तर १६ च्या पटीत पाहिजे, नाहीतर तुकड्याच्या मधोमध काळ्याची कड येते आणि ती कडच बिट खात बसते. डब्बा टीव्हीत कडेचा थोडा भाग तसाही फ्रेमच्या आड जातो, त्यामुळं काळी पट्टी म्हणावी तेवढी दिसत पण नाही.

बाळीवेसकर

जाहिराती कापतो, पण पट्टी राहू दे ओ ताई, त्यात नवी पेठेतल्या आमच्या काकांच्या दुकानाचं नाव येतं, ते काळं केलं तर घरात महाभारत होईल.

शेंगाचटणी

बरं बाई राहू द्या. म्हणजे बरं दादा.

पण मग मला खरा प्रश्न हा पडलाय की कन्व्हर्ट करायचंच कशाला? तुमची मूळ फाइल ७२० बाय ५७६, एमपेग-२, ८ एमबीपीएस, आवाज एमपी-टू. डीव्हीडीची व्हिडिओची मर्यादा ९.८ एमबीपीएस आहे. म्हणजे ती फाइल जशी आहे तशीच डीव्हीडीवर चालू शकते, बदल काहीच न करता. फक्त दोन गोष्टी बघा, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झ आहे का, आणि दोन आय फ्रेममधलं अंतर १५ फ्रेमपेक्षा जास्त नाही ना. मीडियाइन्फो नावाच्या, फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही दिसतं. कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये वडिलांनी डीव्हीडी क्वालिटी निवडलेलं असणार, त्यामुळं बहुतेक बरोबरच निघेल.

३ डिस्क लागतील हे मान्य, एकेका डिस्कवर साधारण ७० मिनिटं. पण क्वालिटी शंभर टक्के, कारण परत एन्कोड झालंच नाही.

मिक्सिंगवाले_अण्णा

ताईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. मी तर म्हणतो दोन्ही करा. अक्षता सोहळ्याचा मधला तास-सव्वातास, सुगडी पूजनापासनं अक्षता संपेपर्यंत, तो आहे तसा एका डीव्हीडीवर, हात न लावता. आणि पुढची-मागची नंदीध्वजांची मिरवणूक हाफ डी-वन करून दुसऱ्या डिस्कवर, ती दोन तासाच्या आतच राहणार, त्याला ४ हजारच्या वर बिटरेट बसतो, चकाचक. दोन डिस्क. सातही नंदीध्वज ओळखू येतील आणि धरणारे पण.

होम आणि दारूकामाचं पण रेकॉर्डिंग असंल तर ते पण न बदलताच टाका. काळं आभाळ, त्यात धूर, वर ठिणग्या. अंधारातल्या धुराला एन्कोडर पायऱ्या पायऱ्या पाडतो, कितीही बिट दिले तरी समाधान होत नाही, आमच्या धंद्यात होम मैदानावरच्या दारूकामाचं शूटिंग घेतलं की एडिटिंगवाला पोरगा तोंड पाडूनच बसायचा.

बाळीवेसकर

मंडळी अपडेट देतो. मीडियाइन्फोमध्ये बघितलं, ऑडिओ ४८ किलोहर्ट्झच आहे, आय फ्रेम दर १२ फ्रेमला. म्हणजे ताई तुम्ही म्हणालात तसंच.

जाहिराती आणि "थोड्याच वेळात" कापलं, मिरवणुकीचा भाग हाफ डी-वन टू पास केला ४१०० वर, डीव्हीडी आरडब्ल्यूवर टाकून शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेअरवर लावला. काय सांगू, चेहरे ओळखू येतात! भुतं गेली. आवाज पण बरोबर, प्रोजेक्ट-एक्सनं दुसऱ्या फाइलच्या सुरुवातीलाच भगदाड दाखवलं होतं, पोरगं म्हणालं तसं. अक्षतांचा भाग न बदलता डिस्कवर घेतला, तो तर टीव्हीवर लाइव्ह बघितल्यासारखा. मुंग्या आहेत पण त्या मूळच्याच, फिल्टर मारला नाही.

आता फायनल डिस्क कुठल्या घेऊ? इथं दुकानात विचारलं तर पोरगा माझ्याकडं अशा नजरेनं बघतोय की मी टेपरेकॉर्डरची कॅसेट मागितली. डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी तर बंदच झाली ना. डीव्हीडी मायनस आर आणि प्लस आर दोन्ही आहेत त्याच्याकडं, जुना स्टॉक. आणि मेन्यू नको, डिस्क घातली की सुरू झालं पाहिजे, पण आत्याला पुढचं बटण दाबून यजमान दिसतात तिथं जाता आलं तर बरं होईल.

टर्मिनल_पोरगं

जुना प्लेअर असेल तर मायनस आर. प्लस आर पण चालतात बहुतेक ठिकाणी, पण मायनस आर आधीपासून असल्यामुळं जुन्या मशीन तिला कमी नखरे करतात. जुना स्टॉक असला तर आधी डिस्कची खालची बाजू उजेडात धरून बघ, कडेला ढगासारखे डाग असतील तर घेऊ नको. दोन-चार जास्तीच्या घे. राइट करताना स्पीड ४ किंवा ८, १६ वर नको. आणि वर कागदी स्टिकर चिकटवू नको, गरम झालं की वाकतं आणि डिस्क डगमगते, सीडी मार्करनं लिही.

मेन्यू न ठेवता डीव्हीडी बनते, डीव्हीडीस्टाइलरमध्ये नवीन प्रोजेक्ट करताना नो टेम्प्लेट घे आणि मेन्यू काढून टाक, डिस्क घातली की थेट पहिलं टायटल सुरू होतं. यजमान दिसतात त्या वेळा लिहून काढ आणि टायटलच्या प्रॉपर्टीमध्ये चॅप्टर म्हणून टाक. दोन-तीन सेकंद आधीची वेळ दे, कारण चॅप्टर पण आय फ्रेमच्या जागीच बसतो आणि प्लेअरला उडी मारून स्थिर व्हायला क्षणभर लागतो, तोवर कॅमेरा फिरलेला असतो. रिमोटवरचं पुढचं बटण दाबलं की थेट तिथं.

मिक्सिंगवाले_अण्णा

आणि अक्कलकोटला गेलात की त्यांच्याच प्लेअरवर लावून बघा, पण सुरुवात बघून उठू नका, शेवटचं चॅप्टर लावा. डिस्क आतनं बाहेर लिहिली जाती, बिघडली तर बाहेरच्या कडेलाच आधी अडकती. शेवटची ५ मिनिटं न अडखळता चालली तर समजा बाकी सगळं व्यवस्थित हाय. अडकली तर लेन्सवर धूळ असंल, भजनाच्या व्हीसीडी चालत्यात म्हणून लेन्स साफ हाय असं धरू नका, डीव्हीडीचे खड्डे लई बारीक असतात, सीडी चालवणारी मळकी लेन्स डीव्हीडीला नाय म्हणती.

बाळीवेसकर

अण्णा क्लीनिंगची डिस्क मिळते ती चालेल का, ब्रशवाली?

मिक्सिंगवाले_अण्णा

नको. झाकण उघडून कापसाच्या काडीला जरासं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा, मोबाइल रिपेअरवाल्याकडं मिळतंय, आणि हलक्या हातानं पुसा. प्लग काढून.